स्पोकन इंग्लिशची तोंडी परीक्षा घेताय? या चुका टाळा

कॉलेजच्या मुलांच्या तोंडी परीक्षा घेताना सगळ्यात जास्त अन्याय पहिल्या तीस सेकंदांत होतो. मुलगी आत येते, हसून गुड मॉर्निंग म्हणते, सेल्फ इंट्रोडक्शन फाडफाड म्हणून टाकते आणि आपल्या डोक्यात मार्क ठरून जातात. याला हेलो (halo) इफेक्ट म्हणतात, म्हणजे एक गोष्ट आवडली की बाकी सगळंच चांगलं वाटायला लागतं; थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणून इंट्रोडक्शनला मार्कच ठेवू नका, ते पाठ असतं. त्यातलाच एखादा शब्द पकडून पुढचं विचारा. एकीने "माय हॉबी इज रीडिंग" छान सांगितलं, मी विचारलं, अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं आणि का सोडलंस? ती गप्प झाली, मग म्हणाली, "द हीरो, ही डोन्ट लिसन एनीबडी, आय गॉट अँग्री." ग्रामर चुकलं, पण मुद्दा पोचला, आणि तिची खरी लेव्हल मला तेव्हा कुठे कळली.

दुसरी चूक अ‍ॅक्सेंटची. बोलण्याला मातृभाषेचा वास येतो म्हणून मार्क कापू नका प्लीज. सीईएफआर, म्हणजे भाषेची लेव्हल ठरवायची युरोपातली चौकट, तिच्या उच्चाराच्या निकषांत २०१८ मध्ये बदल झाला, तेव्हा भर नेटिव्हसारखं बोलण्यावर नाही तर समोरच्याला कळतंय का यावर दिला गेला. तुम्हाला परत विचारावं लागलं का, एवढंच बघा.

एकच आकडा देऊन मोकळं होऊ नका. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या मार्कांचे ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार भाग असतात आणि चारही सारख्याच वजनाचे. मुलाला दहापैकी पाच सांगून काय कळणार, ओघ चांगलाय पण काळ चुकतात हे कळलं तर तो घरी जाऊन काहीतरी करेल तरी.

विषय दिल्या दिल्या बोल म्हणणं पण चूकच. आयईएल्टीएसमध्येसुद्धा लांब बोलायच्या भागाआधी एक मिनिट देतात, कागद-पेन्सिलसकट. आणि मध्येच चूक सुधारू नका हो, मूल तिथेच गळपटतं.

दोन परीक्षकांचे मार्क खूप वेगळे आले तर सरासरी काढून विषय संपवू नका. रेकॉर्डिंग परत ऐका, दोघांनी मिळून, त्यासाठी आधी मुलांना सांगून रेकॉर्डिंग करावं लागतं, फोनवर केलं तरी चालतं. मी स्वतः पहिल्या पाच मुलांचे मार्क शेवटी परत तपासते, कारण सकाळी हात आखडता असतो आणि दुपारपर्यंत सैल होतो.