आंब्याच्या साइटची लॉगिन कुकी तपासताना

देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या पेट्यांचं ऑनलाइन बुकिंग सुरू होण्याआधी आपल्या साइटची लॉगिन कुकी एकदा तपासाच. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. एकदा लॉगिन झालं की ब्राउझर दर पानाला पासवर्ड पाठवत नाही, ही कुकी दाखवतो. ती ज्याच्या हाती पडली त्याला बहुतेक साइटवर पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही.

क्रोममध्ये लॉगिन करून एफ१२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’मध्ये ‘कुकीज’ उघडा. फायरफॉक्समध्ये हेच ‘स्टोरेज’खाली असतं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्या साइटवर कुकीचं नाव बहुधा पीएचपीसेसआयडी असतं. तिच्यापुढे ‘एचटीटीपीओन्ली’ (कुकी स्क्रिप्टला वाचू न देणारी) आणि ‘सिक्युअर’ (कुकी फक्त एचटीटीपीएस जोडणीवरून पाठवणारी) या दोन्ही खुणा हव्यात. पीएचपी मुळात दोन्ही बंद ठेवते, त्यामुळे सेटिंगमध्ये त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात.

पहिली खूण नसेल तर पानावर चालणारी कुठलीही जावास्क्रिप्ट ती कुकी वाचू शकते. समजा, ऑर्डरच्या ‘पत्ता’ रकान्यात कुणी वाडी-पिनकोडऐवजी स्क्रिप्ट लिहिली. तुम्ही रात्री पेट्यांची यादी उघडता, स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये चालते आणि मालकाची कुकी परस्पर बाहेर जाते. खूण असेल तर कुकी वाचता येत नाही. पण स्क्रिप्ट तरीही चालते, तुमच्या लॉगिनवर डझनाचा दरसुद्धा बदलू शकते. म्हणून गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर पानावर दाखवताना तो एचटीएमएलस्पेशलकॅर्स या पीएचपीच्या फंक्शनमधून काढायलाच हवा, म्हणजे त्यातली स्क्रिप्ट न चालता नुसती अक्षरं म्हणून दिसते.

दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी की नाही हे ठरवणाऱ्या ‘सेमसाइट’ला ‘लॅक्स’ ठेवा. इथे एक घोटाळा हमखास होतो: पेमेंट गेटवे (पैसे घेणारी सेवा) गिऱ्हाइकाला पोस्ट पद्धतीने, म्हणजे फॉर्म भरून पाठवल्यासारखं, परत पाठवत असेल तर लॅक्स कुकी सोबत येत नाही. पैसे कापले जातात आणि साइटवर कार्ट रिकामी दिसते. अशा वेळी घाईने सेमसाइट ‘नन’ (बंधन नाही) करू नका, दुसऱ्या साइटवरून तुमच्या नावाने विनंत्या धाडायची वाट त्याने मोकळी होते. त्याऐवजी गेटवेने उत्तरासोबत पाठवलेली डिजिटल सही पडताळून ऑर्डर क्रमांकावरून ऑर्डर शोधा.

‘डोमेन’ रकान्यात नावाआधी टिंब असेल तर ती कुकी सगळ्या सबडोमेनना (मुख्य पत्त्याआधी नाव जोडून केलेल्या उपसाइटना) जाते, चाचणीसाठी उघडून विसरलेल्या सबडोमेनलाही. गरज नसेल तर डोमेन रिकामं सोडा.

सेटिंग बदलल्यावर जुनी कुकी जुन्याच खुणांसह राहते. ती पुसून पुन्हा लॉगिन करा, मगच खुणा बघा. सर्व्हरवरची जुनी सेशनंही (चालू लॉगिनच्या नोंदी) बंद करा, नाहीतर आधी चोरलेली कुकी चालूच राहील.