ओ ताई, स्टँड! : सांगायचं कधी आणि कसं

मी एसटीत चालक होतो. कऱ्हाड-चिपळूण ही बरीच वर्षं माझी लाइन. आता निवृत्त होऊन स्कूटरवरून मंडईला जातो, पण नजर जुनीच राहिली. दुसऱ्याच्या गाडीत काही बिघडलेलं दिसलं की गप्प बसवत नाही. फक्त तोंड उघडायच्या आधी दोन गोष्टी बघतो. यातून थोड्या वेळात कोणाला इजा होईल का? आणि माझ्या ओरडण्यानंच तो माणूस पडणार नाही ना?

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. चालत्या गाडीवरच्या पोरीच्या कानाशी जाऊन ‘ओढणी, ओढणी’ करून ओरडलं, तर ती आधी दचकते, मग मान वळवून मागच्या चाकाकडे बघते. मान वळली की हँडलही वळतं. म्हणून आधी काय करायचं ते सांगा आणि काय बिघडलंय ते नंतर. ‘ताई, गाडी सावकाश बाजूला घ्या.’ तिचा वेग कमी झाला की मग, ‘ओढणी चाकात चाललीय.’ एवढं बोललात की पुढे निघा. शेजारी रेंगाळू नका, ‘जपून चालवत जा’ असा उपदेशही नको. रस्ता सुनसान असेल आणि बाई एकटी असेल तर पुरुषानं बरोबरीनं गाडी चालवत बोलूच नये. थोडं पुढे जाऊन, चार माणसं असतील तिथं थांबावं आणि तिथून हात करावा.

ओढणी, पदर, रेनकोटाची टोकं, पिशवीचा लोंबता बंद, हे दिसलं की सांगायचंच. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारं संरक्षण असावं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. आपली साडीगार्ड ती हीच. पण गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पोरं पहिल्या आठवड्यातच ती काढून माळ्यावर टाकतात. कापड गुंडाळलं गेलंच असेल तर आधी इंजिन बंद करा. गळ्याभोवतीचा वेढा आधी सोडवा, सुटत नसेल तर कापा. त्यानंतर चाक हातानं उलटं फिरवा. कापड ओढत बसू नका.

साइड स्टँडचंही तसंच. स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर काही होत नाही. डावीकडे वळताना गाडी कलली की तो जमिनीला लागतो आणि गाडी उचलून फेकतो. सांगायचं ते वळणाच्या आधी. शब्द ऐकू जात नसतील तर आपला डावा पाय थोडा बाहेर काढून दाखवा, कोणालाही कळतं. नव्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन स्टँड खाली असताना चालत नाही, पण जुन्या गाड्या आपल्याकडे चिक्कार आहेत.

दुचाकीचा इंडिकेटर विसरून चालू राहिला असेल तर सिग्नलला सांगा. तोवर त्याच्या मागे अंतर ठेवा. उजवा इंडिकेटर लावून सरळ जाणारा माणूस मागच्या सगळ्यांना चकवतो. दिवसा लाइट चालू दिसला तर मात्र सोडून द्या. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्याला बटणच नसतं. तरी मला अजून कोणी ना कोणी पंजाची उघडझाप करून दाखवतंच. मी मान हलवतो. समजावत कोण बसणार?

कारखालून पाणी ठिबकतंय म्हणूनही लोक धावत येतात. उन्हाळ्यात ते बहुधा एसीचं पाणी असतं, नितळ आणि बिनवासाचं. काळं, चिकट किंवा रंगीत काही गळत असेल तर जरूर सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच सांगा, आणि त्या वेळी हातात विडी-सिगारेट नको. पोचा आलेलं दार, फुटकी काच, मळलेली नंबरप्लेट हे मालकाला माहीत असतं.

मोठ्या गाड्यांकडे जास्त लक्ष द्या, कारण मागचं चालकाला दिसत नाही. मागच्या जोडटायरमधलं आतलं टायर बसलं तर स्टिअरिंगवर पत्ता लागत नाही. सगळा भार शेजारच्यावर येतो, ते तापतं, फुटतं, कधी पेटतंही. दोन टायरांमध्ये दगड अडकला असेल तर तो केव्हाही गोळीसारखा सुटतो. त्या गाडीच्या मागे राहू नका. उजवीकडून पुढे जाताना चालकाच्या खिडकीकडे बघून टायरकडे बोट करा आणि तळवा खाली दाबत ‘हळू’ दाखवा. नुसता डिपर मारून, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करून, काही कळत नाही. आपल्याकडे डिपर म्हणजे ‘मी येतोय’ही होतं आणि ‘पुढे पोलीस आहेत’ही. एसटी असेल तर आतल्या प्रवाशानं कंडक्टरला सांगावं. तो एक घंटी मारतो आणि गाडी थांबते. थेट चालकाच्या मागे जाऊन ओरडलेलं मला कधी आवडलं नाही.

कुंभार्ली घाट उतरताना ट्रकच्या चाकातून धूर आणि जळका वास आला, तर ब्रेकचे लायनर तापलेत. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्यांचं हेच होतं. ‘ब्रेक गेले’ म्हणून ओरडलात तर चालक घाबरून आणखी ब्रेक दाबेल. ‘खालचा गिअर टाका, जागा बघून थांबा’ एवढंच सांगा. थांबल्यावर क्लीनर बादली घेऊन धावला तर त्याला अडवा. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो.

हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांची गोष्ट वेगळी. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर आणि पुढे गाणी फुल आवाजात. हॉर्न त्याला ऐकूच येत नाही. पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला चांगलं लांब थांबा आणि मोबाइलची टॉर्च खाली-वर हलवा. ऊस घसरत असेल किंवा ट्रॉली बंद पडून अंधारात उभी असेल तर ११२ ला कळवा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला. पण एक्स्प्रेसवेवर दुसऱ्याला सांगण्यासाठी स्वतः कडेला थांबायचं नाही. टोलनाक्यावर सांगा.

आता तुम्हालाच कोणी सांगितलं तर. हात वर करून आभार माना, पण लगेच उतरू नका. ‘ऑइल गळतंय’, ‘टायर बसलंय’ सांगून कार थांबवायची आणि मालक वाकून बघेपर्यंत सीटवरची बॅग पळवायची, ही शहरातल्या चोरांची जुनी युक्ती आहे. स्टिअरिंग एका बाजूला ओढत नसेल, धूर किंवा जळका वास नसेल, तर हळूहळू पेट्रोल पंपापर्यंत किंवा वर्दळीच्या जागी जा. चावी काढा, दारं लॉक करा, बॅग खांद्याला लावा आणि मग वाकून बघा.