लिव्हअबोर्डवर सव्वादोन लाख घालावेत का? गोव्यात डाइव्ह करणाऱ्यांसाठी हिशेब

मे संपत आला, ग्रँड आयलंडला जाणाऱ्या बोटी बंद व्हायला लागल्या की इथल्या डाइव्ह करणाऱ्या मंडळींमध्ये हाच विषय निघतो, यंदा मालदीवची लिव्हअबोर्ड करायची का. म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं झोपायचं, दिवसाला तीन-चार डाइव्ह, आणि तुम्ही झोपलेले असताना बोट पुढच्या साइटकडे निघालेली. मी उत्तर आधीच सांगते. पैसे वसूल होतात, पण दोन अटींवर. जिथे जाताय तिथे दिवसाच्या बोटीने पोचता येत नसलं पाहिजे, आणि तिथल्या खोलीवर तुमची हवा टिकली पाहिजे. यातली एक जरी अट लटकी पडली तरी तेच पैसे दुसरीकडे जास्त चांगले लागतात.

आधी जागेचं बघू. गालापागोसमधली डार्विन आणि वुल्फ बेटं, कोस्टारिकाचं कोकोस बेट जे किनाऱ्यापासून साधारण ५५० किलोमीटरवर आहे आणि जायलाच दीड दिवस लागतो, लाल समुद्रातले ब्रदर्स आणि डिडॅलस, इथे प्रश्नच नाही, जायचं तर बोटीवर राहूनच. पण थायलंडच्या रिचेल्यू रॉकला खाओ लाकहून स्पीडबोटने एका दिवसात जाऊन येता येतं, आणि थिसलगॉर्म हे १९४१ साली बुडालेलं प्रसिद्ध जहाज बघायलाही शर्म अल शेखहून दिवसाच्या बोटी जातात. तिथे लिव्हअबोर्डचा फायदा एवढाच की स्पीडबोटींची गर्दी यायच्या आत सकाळी सहाला तुम्ही पाण्यात असता. तो फायदा खरा आहे, पण त्याला किती पैसे मोजायचे ते आपलं आपण ठरवायचं.

मालदीव या दोन्हींच्या मधे येतं, आणि आपल्याकडून बहुतेक जण तिथेच जातात म्हणून त्याचा हिशेब नीट मांडते. डॉलर नव्वद रुपये धरा. मध्यम दर्जाची सात रात्रींची बोट साधारण १,७०० डॉलर. ब्रोशरमध्ये हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि बाकीचे खाली बारीक अक्षरात. ग्रीन टॅक्स २०२५ पासून दिवसाला १२ डॉलर झालाय, म्हणजे ८४. नायट्रॉक्सचे, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचे, शंभर-सव्वाशे, क्रूची टिप दीडशे धरा, ती ऐच्छिक म्हणतात पण देतातच सगळे. कुठे कुठे फ्युएल सरचार्ज वेगळा. झाले २,१०० डॉलर, म्हणजे १ लाख ८९ हजार. गोव्याहून मालेला बंगळुरू किंवा कोचीमार्गे येण्याजाण्याचे तीस-पस्तीस हजार, वर इन्शुरन्स. सव्वादोन ते दोन तीसपर्यंत जातंच, आणि गिअर भाड्याने घेणार असाल तर पुढे. एकटे जाणार असाल तर केबिन शेअर करायला तयार आहात असं आधीच लिहून कळवा, नाहीतर सिंगलचा जादा आकार लावतात. पॅकेज इथल्या टूर ऑपरेटरकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, रिटर्न भरताना तो वळता होतो पण बुकिंगच्या वेळी खिशातूनच जातो ना.

आता २ लाख ३० हजार भागिले १८ डाइव्ह, एक डाइव्ह पडली पावणेतेरा हजाराला. दुसरा पर्याय लोकल आयलंडवर गेस्टहाउस. मालदीवमध्ये २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं सुरू झाली आणि तिथला सगळा खेळच बदलला. व्हेल शार्कसाठी धिगुराला राहिलात तर खोली ७५ डॉलर, डाइव्ह साधारण ६५, जेवण आणि स्पीडबोट धरून सात रात्री आणि बारा डाइव्हचे विमानासकट पावणेदोन लाख होतात. म्हणजे डाइव्हमागे साडेचौदा हजार! म्हणजे डाइव्हमागे बघाल तर लिव्हअबोर्ड महाग नाहीच, उलट थोडी स्वस्तच पडते.

मात्र अठराच्या अठरा डाइव्ह झाल्या तरच. कान धरला, बोट लागली, तिसऱ्या दिवसापासून थकून दुपारची डाइव्ह सोडायला लागलात आणि अकराच झाल्या तर तीच डाइव्ह एकवीस हजाराच्या आसपास जाते. गेस्टहाउसमध्ये जी डाइव्ह मारली नाही तिचे पैसे बहुधा द्यावे लागत नाहीत, बोटीवर सगळे आधीच भरलेले असतात. त्यामुळे "परवडेल का" याच्या आधी "माझ्याकडून दिवसाला तीन डाइव्ह सहा दिवस होतील का" हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

आणि इथे आपल्या गोव्याचा मुद्दा येतो. ग्रँड आयलंडच्या आसपास आपण बहुतेक वेळा बारा-पंधरा मीटरवर असतो, पाणी हिरवं, व्हिजिबिलिटी तीन-चार मीटर, चांगल्या दिवशी आठ. अशा पाण्यात शिकलेला माणूस गोंधळत नाही, बडीला म्हणजे जोडीदाराला चिकटून राहतो, कंपास बघतो, हे फार मोठं बळ आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण पंचवीस मीटरवर, चॅनलच्या म्हणजे प्रवाळांमधल्या वाटेच्या तोंडाशी, करंटमध्ये खडकाला हुक लावून थांबणं हे आपल्याकडे शिकायला मिळत नाही. सगळ्यात आधी दगा देते ती हवा.

पुढच्या डाइव्हला एवढं करा. समजा १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार दाबाने सुरुवात, ६० वर वर आलात, ३५ मिनिटं, सरासरी खोली १० मीटर. १४० गुणिले १२ म्हणजे १,६८० लिटर हवा, भागिले ३५ म्हणजे मिनिटाला ४८, आणि दहा मीटरवर दाब दुप्पट असतो म्हणून भागिले २, आले २४ लिटर. हा तुमचा आकडा. मिनिटाला २५ लिटर ओढणाऱ्याला ५० बार राखून ठेवले तर बारा मीटरवर साधारण ३३ मिनिटं मिळतात, पण पंचवीस मीटरवर फक्त वीस! १५ लिटरवाला तिथेच ३४ मिनिटं टिकतो. ग्रुप खाली ग्रे रीफ शार्क बघत बसलाय आणि तुम्हाला गाइड बोटाने वर जायची खूण करतोय, हे रोज तीनदा झालं तर सव्वादोन लाखांचा आनंद निम्मा होतो. आकडा २० च्या वर असेल तर एक वर्ष थांबा असं मी स्पष्ट सांगेन.

थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. मडगावहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर, तिथून नेत्राणी, पाणी आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आणि खोलीही मिळते. मग अंदमान, हॅवलॉकला राहून अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा, त्याने ३० मीटरपर्यंतची परवानगी मिळते, आणि मालदीवची मर्यादाही ३० मीटरच आहे. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्याला १८ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि लिव्हअबोर्डच्या बऱ्याचशा साइट त्याच्या खालीच असतात. ब्रदर्स-डिडॅलसच्या बोटी तर ५० नोंदवलेल्या डाइव्ह मागतात, लॉगबुक भरत नसाल तर आजपासून भरा. नायट्रॉक्सचा कोर्सही करूनच जा. किती वेळ खाली राहता येतं त्याच्या नेहमीच्या टेबलप्रमाणे १८ मीटरवर हवेने ५६ मिनिटं मिळतात आणि ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सने ९५. दिवसाला तीन-चार डाइव्ह असतात तेव्हा हा फरक रोज जाणवतो. फक्त हवा काही जास्त टिकत नाही त्याने, हा गैरसमज खूप जणांचा आहे. एसएमबी, म्हणजे आपली जागा दाखवायला पाण्यावर सोडायची फुगती नळी, स्वतः सोडायला इथेच शिका, पाच मीटरवर थांबून, रीळ हातात मोकळं ठेवून, दोरी कुठेही अंगाला न अडकवता. बोटीवर शिकवायला कुणाला वेळ नसतो आणि करंटमध्ये वर आल्यावर डिंगी म्हणजे छोटी होडी तुम्हाला शोधते ती त्या नारिंगी नळीवरूनच.

बोट निवडताना लोक केबिनचे फोटो बघतात, मी आधी आगीचं विचारते. २०१९ साली कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली, खालच्या डेकवर झोपलेल्या ३४ जणांचा जीव गेला. रात्री फिरता पहारा नव्हता, आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायचे दोन्ही रस्ते वरच्या त्याच जळत्या खोलीत निघत होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाल समुद्रात सी स्टोरी उलटली, केबिनमध्ये अडकलेल्या काहींना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. म्हणून बुकिंगआधी ईमेलवर विचारा, रात्री कोण जागं असतं, खालच्या केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते, कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. टाळाटाळ झाली तर बोट सोडून द्या, कितीही डिस्काउंट असो. चढल्या चढल्या ती दुसरी वाट स्वतः एकदा चालून बघा, अंधारात हात कुठे ठेवायचा तेसुद्धा.

पावसाळ्याचं एक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं बंद, चवथीची सुट्टी असते म्हणून लोक तेव्हाच जायचं बघतात. थायलंडची सिमिलन बेटं १५ मे ते १५ ऑक्टोबर बंदच असतात. मालदीव चालू असतं, दरही उतरतात, पण तिथेही तोच नैर्ऋत्य मोसमी वारा, बोट हलते, पाणी थोडं गढूळ. मांटा हे मोठे रे मासे मात्र याच दिवसांत तिथल्या हनिफारूच्या उपसागरात जमतात, फक्त तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, स्नॉर्कलच करायचं. ज्याला बोट लागते त्याने या महिन्यांत जाऊच नये. इंडोनेशियातल्या कोमोडोचा सीझन तेव्हा चांगला असतो, तिकीट महाग पडतं पण करंटची सवय असेल तर मी तिकडे बघेन.

कानांची काळजी मी सगळ्यात वर ठेवते, कारण आठवड्यातल्या डाइव्ह बुडतात त्या जास्त करून कानामुळेच. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवायचे, कोरडे करायचे, इअरबड घालायचा नाही, ड्रॉप्स इथल्या ईएनटीला विचारूनच. ओकारी थांबवायची गोळीही डॉक्टरला विचारून घ्या, अ‍ॅव्होमिनने झोप येते, ती घेऊन डाइव्ह करायची का हे त्यांनाच ठरवू दे. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, ते पान वाचा, नाहीतर डायव्हरांचा वेगळा इन्शुरन्स घ्या.

परतीचं विमान सगळ्यात शेवटी बुक करा. ओळीने बरेच दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास उडायचं नाही, बहुतेक बोटी २४ धरतात, म्हणून शेवटच्या दिवशी डाइव्ह नसतेच. बोट सकाळी मालेला सोडते आणि लोक दुपारचं विमान घेतात, पण समुद्र खवळला आणि बोट उशिरा आली तर कोचीचं कनेक्शन जातं. मालेशेजारच्या हुलहुमालेत एक रात्र धरा, गेस्टहाउस चार-पाच हजारात मिळतं, गिअरही वाळतो आणि बॅगेचं वजन कमी भरतं.