‘सेव्हरली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण कसे वाचावे आणि कसे वापरावे

कोल्हापुरात एखाद्याच्या कर्जाला जामीन राहण्याची वेळ आली आणि समोर इंग्रजी करारनामा ठेवला गेला, तर सही करण्याआधी त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द आहेत का, ते पाहावे. ‘सेव्हरल’ म्हणजे ‘अनेक’ एवढेच ठाऊक असल्याने ‘सेव्हरली’चा अर्थ ‘अनेकदा’ असा लावला जातो; कोणी तो ‘सिव्हिअरली’, म्हणजे ‘तीव्रपणे’, असाही वाचतो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ‘सेव्हरल’चा ‘वेगळा, स्वतंत्र’ हा जुना अर्थ या क्रियाविशेषणात टिकून असल्याने ‘सेव्हरली’ म्हणजे ‘प्रत्येकाने स्वतंत्रपणे’.

समजा, उद्यमनगरातील एका कारखानदाराने लेथसाठी ६ लाख रुपये कर्ज घेतले, दोन मित्र जामीन राहिले आणि सगळेच कर्ज थकले. करारात दोघांची जबाबदारी नुसती ‘सेव्हरली’ असून प्रत्येकाचा वाटा ३ लाख ठरलेला असेल, तर कोणाकडेही त्याहून अधिक मागता येत नाही. मात्र ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असेल, तर पतसंस्था संपूर्ण ६ लाख एकाच जामीनदाराकडून वसूल करू शकते, आणि ज्याचा पगार नियमित त्याच्याच दारात वसुली अधिकारी आधी उभा राहणार, हे सांगायला नको. पैसे भरलेल्या जामीनदाराला भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४५ नुसार मूळ कर्जदाराकडून रक्कम मागता येते आणि वेगळे काही ठरले नसल्यास कलम १४६ नुसार सहजामीनदाराकडून निम्मा वाटाही. पण ती वसुली त्याची त्याने करायची असते, पतसंस्थेने नव्हे.

भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ नेही प्रत्येक भागीदाराला, तो भागीदार असताना पेढीने केलेल्या सर्व व्यवहारांसाठी, असेच दुहेरी जबाबदार धरले आहे. बँक खात्याच्या अर्जावर मात्र ‘जॉइंटली ऑर सेव्हरली’ असते. तेथे ‘अँड’च्या जागी ‘ऑर’ आल्याने खातेदारांनी मिळून किंवा कोणाही एकट्याने व्यवहार करावा, असा अर्थ होतो.

स्वतः लिहिताना ‘द गॅरंटर्स आर जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल’ अशी रचना करावी. ‘द विटनेसेस वेअर एक्झॅमिन्ड सेव्हरली’, म्हणजे साक्षीदारांना एकेकटे तपासले, हेही शुद्ध इंग्रजी आहे. तथापि रोजच्या पत्रात ते अवघडलेले वाटते, तेथे ‘सेपरेटली’ लिहिणे बरे.