चेव्हनिंगचा अर्ज आणि जिभेवर न येणारा 'मी'

पहिल्या वर्षी माझा चेव्हनिंगचा अर्ज मुलाखतीपर्यंतसुद्धा गेला नाही. दुसऱ्या वर्षी गेला आणि शिष्यवृत्ती मिळाली. मधल्या बारा महिन्यांत माझी नोकरी तीच होती, मार्क तेच होते, इंग्रजीही जवळपास तेवढंच होतं. निबंध तेवढे वेगळे होते. राज्यशास्त्र, समाजकार्य, ग्रामविकास असं काही शिकलेल्या आणि संस्था-संघटनांमध्ये दोनचार वर्षं काम केलेल्या मुलामुलींचे फोन हल्ली मला येतात. त्यांचे मसुदे वाचताना माझीच जुनी चूक पुन्हा पुन्हा समोर येते आणि पोटात कालवतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

मूळ माहिती तुम्हाला असणारच. ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, १९८३ पासून चालू, एक वर्षाचा मास्टर्स, फी, दरमहा खर्चाचे पैसे, जाण्यायेण्याचं तिकीट, आणि परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहायची अट. वयाची अट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तीस ओलांडलेल्या मुली 'आता काय' म्हणून सोडून देतात. सोडू नका.

कामाच्या अनुभवाची अट मात्र गंभीरपणे घ्या. २,८०० तास लागतात. आठवड्याला ३५ तास, वर्षाचे ४० आठवडे, अशी दोन वर्षं. अर्धवेळ काम चालतं, बिनपगारी चालतं, स्वयंसेवक म्हणून केलेलं चालतं. एमपीएससी-यूपीएससीची तयारी चालत नाही. अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसलात तरी तो कामाचा अनुभव नव्हे. मी स्वतः सदाशिव पेठेत दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे वाचून कसं वाटतं ते मला माहीत आहे. पण त्याच काळात संध्याकाळी एखाद्या क्लासमध्ये शिकवलं असेल, वस्तीतल्या मुलांना रविवारी शिकवायला जात असाल, तर ते तास मोजा. दोन वर्षं अगदीच वाया गेली असं समजू नका.

आता मी जिथे अडकले ते.

नेतृत्वाचा निबंध असतो. मला ५०० शब्दांची मर्यादा होती, तुम्ही तुमच्या वर्षीची बघून घ्या. मी लिहिलं ते असं: महाराष्ट्रात रोजगार हमीची परंपरा जुनी आहे, वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. आमच्या तालुक्यात अंमलबजावणी कमकुवत होती. आम्ही १८ गावांत जागृती केली, आम्ही ग्रामसभा घेतल्या, आमच्या प्रयत्नांतून लोकांना काम मिळालं.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण हा संस्थेचा वार्षिक अहवाल झाला. माझ्या जागी कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं असतं तरी निबंध तसाच उभा राहिला असता.

हे असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं म्हणजे मीपणा. घरात तेच शिकवतात, आणि चळवळीत, संस्थेत गेलात की दुप्पट शिकवतात. बैठकीत कुणी 'मी' म्हणालं की वडीलधारी माणसं भुवया उंचावतात. मला हे संस्कार आजही मोलाचे वाटतात आणि कुणी ते सोडावेत असं मी म्हणणार नाही. पण अर्ज वाचणाऱ्या माणसाला एकच गोष्ट ठरवायची असते, या बाईला वर्षभर पैसे द्यायचे की नाही. 'आम्ही'मागे तुम्ही लपलात तर तो तुम्हाला शोधत बसत नाही. पुढचा अर्ज उघडतो.

पहिल्या वर्षीचा निबंध मी छापून घेतला आणि ज्या वाक्यांत कर्ता मी आहे ती पेन्सिलीने अधोरेखित केली. २७ वाक्यांत तीन निघाली. माझा जन्म कुठे झाला, मी कुठे शिकले, आणि मला पुढे काय करायचं आहे. मधली चार वर्षं कोरी. त्या दिवशी मी रडले. तुम्ही हे अर्ज पाठवण्याआधी करा, म्हणजे ती वेळ येणार नाही.

प्रत्यक्षात काय घडलं होतं ते सांगते. मार्च महिना, गावात ४१ जणांना काम हवं होतं. कामाची मागणी नमुना चारवर करायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो. म्हणूनच पोच कुणी देत नाही. 'ठेवून जा, बघतो,' एवढंच उत्तर. आमच्या संस्थेतले भाऊ तीस वर्षं मोर्चे काढत आलेले. तहसीलवर जाऊ, म्हणाले. मी म्हटलं, मोर्च्याने आश्वासन मिळेल, तारीख मिळणार नाही. प्रत्येकाने आपापला अर्ज घेऊन एकाच दिवशी पंचायतीत उभं राहायचं आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. भाऊ चिडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावातल्या एक मावशी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या ओसरीवर दोन संध्याकाळी बसून आम्ही दोघींनी एकेक अर्ज भरला, अंगठे घेतले. निळी शाई माझ्या नखांत आठवडाभर होती. सोमवारी सकाळी रांग लागली. चार वाजता गटविकास अधिकाऱ्यांना फोन गेल्यावर पावत्या फाटायला लागल्या. बाराव्या दिवशी पाझर तलावाच्या कामाचं मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, निघालं.

यात माझी एक मोठी चूकही होती. सात बायकांची बँक खाती नीट जोडलेली आहेत का, हे मी तपासलंच नव्हतं. त्यांची मजुरी दोन महिने अडकली. त्यांतल्या एकीने उधारीवर ज्वारी आणली होती.

दुसऱ्या वर्षी मी हे लिहिलं, सात बायकांसकट. पागे, १९७७, २००५, सगळं गेलं. एका वाक्यापुरतीसुद्धा पार्श्वभूमी ठेवली नाही. तुम्ही म्हणाल, मग वाचणाऱ्याला योजना कळणार कशी? कळते. नमुना चार, पोच आणि पंधरा दिवस एवढं सांगितलं की कुठल्याही देशातल्या माणसाला कळतं.

आणि 'मी' लिहिताना भाऊ आणि मावशी पुसल्या गेल्या नाहीत, उलट पहिल्यांदाच नीट दिसल्या. आधीच्या 'आम्ही'मध्ये मावशी होत्याच कुठे? लिहिताना स्वतःला तीन गोष्टी विचारत जा. निर्णय कुणी घेतला, त्याला विरोध कुणी केला, आणि तुम्ही त्या दिवशी तिथे नसता तर काय झालं नसतं. उत्तर छोटं असेल तर छोटंच लिहा. एका गावातल्या एका सोमवारची गोष्ट पुरते. अठरा गावं लागत नाहीत.

मला पहिल्या वर्षी 'मोठं चित्र दाखव' असा सल्ला एका सरांनी दिला होता. फार प्रेमाने दिला, पण तो सल्ला माझ्या अर्जाला भोवला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की मसुदा तपासायला शिष्यवृत्तीतला जाणकार शोधू नये. ज्याने तुमच्याबरोबर काम केलं आहे त्याला निबंध मराठीत, त्याच्या बोलीत सांगावा. मी मावशींना सांगितला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "सगळे एकदम नव्हते आले गं, दोघी मागनं आल्या, लेकरं घेऊन." मी ते वाक्य दुरुस्त केलं, आणि त्या दोघी निबंधातही आल्या. कुठला सल्लागार हे सांगू शकला असता?

पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांकडे जाऊ नका. यावर मला चर्चासुद्धा करायची नाही. उचललेला मजकूर पकडला गेला तर अर्ज थेट बाद होतो. आणि पकडला नाही गेला तरी मुलाखतीत त्याच निबंधावर प्रश्न येतात. निवडून आलेल्यांचे निबंध वाचायचा नादही आवरता घ्या. मी अकरा वाचले आणि त्यांच्याच सुरात बोलायला लागले.

दुसरा निबंध नेटवर्किंगचा. आपल्याला हा शब्द ओळखीपाळखी, वशिला असा ऐकू येतो आणि हात आखडतो. मीही 'माझ्या ओळखी नाहीत' म्हणून बसले होते. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन संघटना आठवल्या. मस्टर ऑनलाइन कसं बघायचं हे त्यांच्याकडून शिकून मी आमच्या सहा गावांतल्या पोरांना शिकवलं होतं. तेच लिहिलं. तुमच्याकडेही असं काही आहे, शोधा.

अभ्यासक्रम तीन निवडायचे असतात. ते एकमेकांच्या जवळचे असू देत. एक सार्वजनिक धोरणाचा, एक मार्केटिंगचा असं केलं की करिअरचा निबंध कोसळतो. पार्टटाइम, ऑनलाइन किंवा वर्षाहून लांबीचा अभ्यासक्रम चालत नाही, हे नीट बघा. आणि 'ब्रिटनच का' याचं उत्तर 'जागतिक दर्जाचं शिक्षण' असं देऊ नका. मी ससेक्स विद्यापीठाच्या आवारातली इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज पहिली टाकली होती, कारण तिथल्या अनुराधा जोशी आणि मिक मूर यांनी आमच्याच रोजगार हमीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. जिथे काम हक्क म्हणून मागता येतं तिथे गरीब माणूस संघटित का होतो, हा त्यांचा प्रश्न मावशींच्या ओसरीवरचा प्रश्न होता. रॉबर्ट चेंबर्सही त्याच संस्थेतले. गावकऱ्यांनी जमिनीवर खडे आणि बिया मांडून गावाचा नकाशा काढायचा, ही पद्धत आमच्याकडे संस्थेत सगळे वापरायचे, पण तिच्यामागे कुणाचं काम आहे हे मला फार उशिरा कळलं. असा एखादा खरा धागा तुमच्या विषयात सापडेपर्यंत हा निबंध लिहायला घेऊ नका.

चेव्हनिंगवरच सगळं लावूनही बसू नका. फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनच्या सोआस या विद्यापीठांसाठी. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, त्यात १२५ जागा, पण आपल्या विषयाच्या मुलांनी तिथे डोळे उघडे ठेवा. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे जातीवर, ग्रामसभेवर, रोजगार हमीवर संशोधन करायचं म्हणाल तर दार बंद. मला हा निर्णय फार अन्यायाचा वाटतो. ज्यांनी तो प्रश्न जगला आहे त्यांनाच त्यावर परदेशात शिकता येऊ नये? पण अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम शब्द न् शब्द वाचा, राग नंतर करा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायला वेळ लागतो, आजच अर्ज टाका. मानधनावर काम केलेलं असेल तर संस्थेकडून तारखांसकट पत्र घेऊन ठेवा, कारण संस्था बंद पडतात, माणसं बदलतात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा प्रवेश तुम्हालाच वेगळा मिळवायचा असतो आणि विनाअट प्रवेशपत्र मुदतीत हातात हवं. निकाल लागल्यावर बघू असं म्हणणाऱ्या हुशार मुलीची शिष्यवृत्ती गेलेली मी पाहिली आहे. शेवटच्या दिवशी दुपारी बाराची वेळ दिलेली असते ती ग्रिनिचची, म्हणजे आपले साडेपाच. तेवढ्यावर विसंबून राहू नका, आदल्या दिवशी पाठवून मोकळ्या व्हा.

मुलाखतीची भीती वाटते ती वाटू द्या. माझे हात पूर्ण वेळ टेबलाखाली थरथरत होते आणि इंग्रजी दोनदा अडलं. कुणी त्यावर बोट ठेवलं नाही. मला विचारलं ते हे, की ज्या सात बायकांची मजुरी अडकली त्यांनी पुढच्या वर्षी तुमचं ऐकलं का? मी खरं सांगितलं, की पाच आल्या, दोघी आल्या नाहीत, आणि त्या दोघींच्या घरी मी अजून जाते.

राहता राहिली संदर्भपत्रं. दोन लागतात, इंग्रजीत. मोठ्या पदावरच्या माणसाकडून आणायचा मोह होतो. मलाही एका प्राध्यापकांचं आणि एका माजी अधिकाऱ्यांचं घ्यावंसं वाटत होतं. प्राध्यापकांचं ठेवलं. दुसऱ्यासाठी भाऊंकडे गेले. त्यांनी मराठीत सांगितलं, कार्यालयातल्या हिशेबनीसांनी इंग्रजीत टाइप केलं, भाऊंनी ओळीन् ओळ समजून घेऊन सही केली. पत्र मला दाखवलं तेव्हा त्यात तिसऱ्याच वाक्यात होतं, की या मुलीने माझं ऐकलं नाही, मी तिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो, आणि तिचं बरोबर होतं.