नॅसवरच्या फाइल्स दिसेनाशा झाल्या तर

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइल्स साठवणारी डिस्कची पेटी. नॅसवरचं फोल्डर सकाळी उघडलं आणि आत काहीच नाही, असं झालं की लोक पहिल्या पाच मिनिटांत जे करतात, त्यानेच जास्त नुकसान होतं. कुणी फॅक्टरी रीसेट मारतो, कुणी फर्मवेअर (नॅसचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करतो, कुणी कॉम्प्युटरवर रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घेतो. नेटवर्कवरून दिसणाऱ्या फोल्डरवर ते सॉफ्टवेअर चालतच नाही, त्याला प्रत्यक्ष डिस्क लागते. बहुतेक वेळा फाइल्स जागच्या जागी असतात, फक्त तुम्हाला दिसत नसतात. आधी एवढंच ठरवायचं आहे: फाइल्स खरंच गेल्यात की लपल्यात?

१. ब्राउझरमध्ये नॅसचा पत्ता टाका आणि अ‍ॅडमिन म्हणून आत जा. नॅसच्याच फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडून बघा. मग स्टोरेजच्या पानावर किती जागा वापरली आहे ते पाहा. दोन टीबी भरलेली होती आणि आजही दोन टीबीच दिसत असेल, तर पाणी प्या, फाइल्स आहेत. तिथे एखादं एन्क्रिप्टेड फोल्डर कुलूपबंद दिसलं, तर नॅस रीस्टार्ट झाल्यावर ते उघडायचं राहिलं आहे. त्याची किल्ली द्या, काम संपलं.

२. नॅसचं पानच उघडत नसेल तर बहुधा पत्ता बदललाय. राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, नवा आयपी (आकड्यांतला पत्ता) घ्या आणि तिथेच तो नॅससाठी राखून ठेवा, म्हणजे पुन्हा पळणार नाही.

३. ब्राउझरमध्ये फाइल्स दिसतात, पण कॉम्प्युटरवरून दिसत नाहीत. इथेच मी दोन रात्री घालवल्या होत्या, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

माझं झालं असं: एका पाहुण्या खात्याला फोटोंच्या फोल्डरपासून लांब ठेवायचं होतं. मी हुशारी करून 'यूजर्स' या गटालाच 'नो अ‍ॅक्सेस' देऊन टाकलं. त्या गटात नॅसवरचं प्रत्येक खातं आपोआप असतं, माझंही, हे डोक्यातच आलं नाही. परवानग्यांचा नियम असा की नकार होकारावर मात करतो. तुमच्या खात्याला वाचायची-लिहायची परवानगी असली, तरी ज्या गटात तुम्ही आहात त्याला नकार असेल तर तुम्हीही बाहेर. वर 'परवानगी नसलेल्यांना फोल्डर दाखवू नका' ही सोयही चालू होती, त्यामुळे 'प्रवेश नाही' असा साधा निरोपसुद्धा आला नाही. फोल्डर यादीतून नाहीसंच झालं. मी डिस्क तपासत बसलो होतो. काखेत कळसा, गावाला वळसा.

म्हणून आधी परवानग्यांचं पान उघडा. गटाची ओळ आणि खात्याची ओळ, दोन्ही वाचा. गटाला नकार द्यायचा नाही. ज्याला अडवायचं त्या एकाच खात्याला द्यायचा.

परवानग्या ठीक असूनही फाइल दिसत नसेल, तर गोंधळ विंडोजच्या बाजूला आहे. नॅसवर जाताना विंडोज तुम्हाला न विचारताच तुमचं विंडोजचं नाव आणि पासवर्ड पुढे करतो. ते नाव नॅसला माहीत नसेल, तर काही नॅस तुम्हाला गुपचूप 'गेस्ट' म्हणून आत घेतात. तुम्हाला वाटतं आपण आपल्या नावाने आलोय, नॅसला मात्र अनोळखी माणूस दिसत असतो. मग मोजकी सार्वजनिक फोल्डरं दिसतात आणि बाकीची 'गायब'. 'होम' नावाच्या फोल्डरचंही तसंच: ते प्रत्येक खात्याचं वेगळं असतं, दुसऱ्या नावाने गेलात की दुसरंच रिकामं घर उघडतं.

दुसरी मेख अशी की विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच ओळखीने बोलतो. जुनी ओळख जिवंत असताना नवं नाव दिलंत की १२१९ क्रमांकाची एरर येते. लोक ती वाचतच नाहीत आणि पासवर्ड चुकला असं समजून तोच दहादा टाइप करतात. असं करा: कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मधल्या नॅसच्या सगळ्या नोंदी काढा. नावाची वेगळी असते, आयपीची वेगळी, दोन्ही काढा. जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह तोडा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ही पायरी गाळू नका, कारण नोंद पुसली तरी चालू जोडणी तशीच राहते. आता ड्राइव्ह पुन्हा जोडताना 'वेगळी क्रेडेन्शियल्स वापरा' यावर खूण करा आणि नाव देताना आधी नॅसचं नाव, मग उलटी तिरकी रेघ (\), मग खात्याचं नाव असं लिहा. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरत असाल तर हे फारच गरजेचं. घाईत नुसतं तपासायचं असेल, तर नॅसच्या नावाऐवजी आयपीने जोडा; विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास सांगतं, 'एसएमबी १ चालू कर, लगेच दिसेल.' एसएमबी म्हणजे विंडोज आणि नॅस ज्या भाषेत फाइल्सची देवाणघेवाण करतात तो प्रोटोकॉल, आणि १ ही त्याची जुनी आवृत्ती. करू नका. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलंय, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या प्रोटोकॉलच्या भोकातून पसरला होता. विंडोज ११ च्या २४एच२ प्रो आवृत्तीने गेस्ट प्रवेशही बंद केलाय, म्हणून अपडेटनंतर अनेकांचे नॅस एकदम 'हरवले'. त्यावर उपाय म्हणजे नॅसवर स्वतःचं पासवर्डवालं खातं. सुरक्षा सैल करणं नव्हे. नॅस इतका जुना असेल की त्याला एसएमबी १ शिवाय काही बोलताच येत नाही, तर ब्राउझरमधून फाइल्स उतरवून घ्या आणि त्याला निवृत्त करा.

४. खरंच कुणी डिलीट केलं असेल तर विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये शोधू नका, नेटवर्कवरून उडवलेली फाइल तिथे जात नाही. नॅसचा स्वतःचा डबा बघा: सायनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर प्रत्येक शेअरमध्ये (सामायिक फोल्डरमध्ये) '#रिसायकल', क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर '@रिसायकल', अर्थात ती सोय आधीपासून चालू असेल तरच. नाहीतर स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने आधीच्या एखाद्या क्षणी टिपून ठेवलेली फोल्डरची स्थिती. दोन्ही नसतील आणि बॅकअपही नसेल, तर लगेच नॅसवर लिहिणं थांबवा, बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

५. स्टोरेजच्या पानावर 'डिग्रेडेड' दिसलं, म्हणजे एखादी डिस्क बिघडली, तर डेटा अजून वाचता येतो. तिथलं रिपेअरचं बटण मोह घालतं, पण मी आधी कॉपी करतो. रेड ५ मध्ये (अनेक डिस्क मिळून एक साठा, त्यातली एक गेली तरी चालतं अशी मांडणी) दुरुस्ती करताना उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्यातली आणखी एक तेवढ्यात बसली तर सगळंच गेलं. 'क्रॅश्ड' दिसलं तर नवा पूल, नवा व्हॉल्यूम, इनिशियलाइझ, काहीच दाबायचं नाही. डिस्कमधून टकटक येत असेल तर तत्काळ बंद.

डिस्क बाहेर काढायच्याच असतील तर प्रत्येकीवर कप्प्याचा नंबर मार्करने लिहा. विंडोजला जोडलीत तर तो 'फॉरमॅट करू का' असं विचारेल, कारण नॅसवरची एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस ही लिनक्सची फाइल सिस्टिम त्याला वाचता येत नाही. नाही म्हणा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, डिस्क फक्त वाचण्यापुरत्या माउंट करा (म्हणजे उघडा) आणि फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या. कॉपी झाल्यावर चार-दोन मोठे व्हिडिओ आणि काही फोटो प्रत्यक्ष उघडून बघा. ते नीट चालले की मगच नॅसमध्ये नवी डिस्क घाला.