घरी गाडीचे भाग रंगवताय? स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर घेताना या चुका टाळा

मडगार्ड, साइड पॅनेल, आरशांची कव्हरे असे सुटे भाग घरी रंगवून बिघडले की ते दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. रंग नामांकित कंपनीचा असतो, पत्राही मेहनतीने घासलेला असतो, आणि तरीही वर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दाणे उठलेले दिसतात. अशा वेळी बहुतेक जण रंगाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतात. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा खरेदीच्या क्रमात असतो. लोक आधी परवडेल तो कॉम्प्रेसर घेतात आणि मग त्याला जोडायला गन शोधतात. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. आधी काय रंगवायचे ते ठरवावे, त्याप्रमाणे गन निवडावी, त्या गनला हवा किती लागते ते तिच्या माहितीपत्रकात वाचावे, आणि तेवढी हवा अखंड देऊ शकेल असाच कॉम्प्रेसर घ्यावा.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानांत कॉम्प्रेसरची चौकशी करताना जवळपास प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो: किती एचपीचा आणि किती लिटरचा. या दोन्ही आकड्यांवरून रंगकामाचा अंदाज येत नाही. गनला हवी असते दर मिनिटाला ठरावीक घनफूट हवा, म्हणजे सीएफएम; एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर. त्यातही डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा अनेकदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो आणि प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. म्हणून ‘फ्री एअर डिलिव्हरी’चा, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा आकडा मागावा, आणि तो किती दाबाला मोजलेला आहे हेही विचारावे. दुकानदाराला हा आकडा सांगता येत नसेल, तर ते यंत्र मी घेत नाही.

मानेवाड्याकडचा एक तरुण आपल्या जुन्या बुलेटची पेट्रोल टाकी घेऊन आला होता, ते उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्याने १ एचपीचा, २५ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला होता आणि इंटरनेटवर वाचून त्याला १.४ मिमी नोझलची पूर्ण आकाराची एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबावर चालणारी गन जोडली होती. पेट्रोल टाकीची एक बाजू छान आली. दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत फवारा जाड झाला, थेंब पडू लागले आणि मोटर थांबेचना. मग त्याने रंगात थिनर वाढवला, त्यामुळे ओघळ आले. ते ओघळ ओले असतानाच झाकण्यासाठी त्यावर आणखी एक हात मारला. ‘काका, गन खराब लागली, दुसरी कोणती घेऊ?’ असे तो विचारत होता. मी तीच गन, तोच रंग आणि तेच नोझल माझ्याकडच्या मोठ्या कॉम्प्रेसरला लावून त्याच्याच हातात दिले, आणि जुन्या बॉनेटच्या तुकड्यावर त्याचा हात अगदी सफाईने फिरला.

हिशेब मांडला की कारण लगेच कळते. एचव्हीएलपी गनमध्ये एअर कॅपपाशी, म्हणजे तोंडावरच्या टोपीपाशी, दाब जास्तीत जास्त १० पीएसआय असतो आणि रंगाचे बारीक कण हवेच्या प्रमाणावर होतात, म्हणून पूर्ण आकाराच्या गनला १० सीएफएम किंवा त्याहूनही जास्त हवा लागते. १० सीएफएम म्हणजे मिनिटाला २८३ लिटर. तसला छोटा कॉम्प्रेसर ३ सीएफएम, म्हणजे सुमारे ८५ लिटर देतो असे धरले, तर दर मिनिटाला जवळपास २०० लिटरची तूट पडते. २५ लिटरच्या टाकीतला दाब ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत तिच्यातून फक्त १२५ लिटर हवा निघते. पाऊण मिनिटाच्या आत साठा संपला, आणि पेट्रोल टाकीची एक बाजू रंगवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. हवेची टाकी मोठी घेतली तर ही वेळ थोडी पुढे ढकलली जाते, एवढेच.

घरी सुटे भाग रंगवणाऱ्याने ०.८ ते १.० मिमी नोझलची मिनी गन किंवा कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काम थोडे सावकाश होते आणि फवाऱ्याचा पट्टा अरुंद पडतो, परंतु घरच्या सिंगल फेज विजेवर चालणाऱ्या २ एचपीच्या कॉम्प्रेसरला तिची भूक भागवता येते. पूर्ण आकाराच्या गनमध्ये बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअरला (त्यावरच्या पारदर्शक थराला) १.३ ते १.४ मिमी नोझल ठीक असते, तर जाड सरफेसरला (रंगाआधी खड्डे भरणाऱ्या अस्तराला) १.७ मिमी किंवा त्याहून मोठे लागते. एकाच नोझलमधून सगळे मारण्यासाठी सरफेसर पाण्यासारखा पातळ करणे हा आडमार्ग आहे. असा सरफेसर खड्डे भरत नाही आणि नंतर आत बसत जातो. आणि आयुष्यात एकच मडगार्ड रंगवायचे असेल, तर यंत्र विकत घेऊ नये, भाड्याने आणावे.

पाण्याकडे होणारे दुर्लक्ष ही दुसरी चूक, आणि ती नागपूरच्या पावसाळ्यात हमखास भोवते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा ८ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की त्यातले २० ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर पडते. ५ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला, तर पावणेदोनशे मिलिलिटरच्या जवळपास पाणी जमते. ते टाकीच्या तळाच्या नळातून सोडले नाही, तर गनमधून थेट रंगावर येते आणि क्लिअरमध्ये फोड उठतात.

बहुतेक जण फिल्टर घेतात खरे, परंतु तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जाते आणि पुढे पाइपमध्ये थंड झाल्यावर त्याचे थेंब होतात. मी कॉम्प्रेसरपासून पाच-सहा मीटर पाइप जाऊ देतो, फिल्टर भिंतीवर लावतो आणि तिथून गनकडे वेगळा पाइप नेतो. टाकी रोज काम संपल्यावर रिकामी करतो, पावसाळ्यात मधूनही करतो. पाऊस सुरू असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारतच नाही, कारण ओलाव्याने त्यावर पांढरी झाक येते.

पाइपच्या बाबतीत थोडक्यात सांगतो: बाजारात मिळणारा ८ मिमीचा निळा गुंडाळीचा पाइप आतून साधारण ५ मिमीच असतो, त्यामुळे त्यातून हवा गुदमरते. आतून १० मिमीचा सरळ पाइप घ्यावा आणि दाब नेहमी ट्रिगर दाबून धरलेला असतानाच लावावा. कॉम्प्रेसरला बारीक वायरच्या एक्स्टेंशनवरून वीज देऊ नये, मोटर जळते. १६ अँपिअरचा सॉकेट वापरावा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना नेहमीचा थिनर वापरला, तर रंग गनपासून पत्र्यापर्यंत पोहोचेपर्यंतच सुकू लागतो आणि हाताला भुकटी लागते. त्यावर दाब वाढवणे हा इलाज नाही. मंद सुकणारा थिनर वापरावा आणि पहाटे काम करावे.

टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे दमा जडू शकतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये, कारण हानिकारक प्रमाणातही त्याचा वास जाणवत नाही. तोंडाला रुमाल बांधून टू-के मारणाऱ्याला मी शिकवत नाही. घराच्या बंद खोलीत हा रंग मारूच नये. मोकळ्या जागीही सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर असलेला मास्क चेहऱ्यावर घट्ट बसलेला हवा. कॉम्प्रेसर रंगाच्या जागेपासून दूर ठेवावा, कारण मोटरच्या स्विचची ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र येता कामा नये.

गन घेतल्यावर पहिला फवारा भागावर मारू नये, भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर मारावा. ठसा उभा आणि दोन्हीकडे सारखा लंबगोल हवा. तो एका बाजूला वाकला, तर एअर कॅप अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा मारून पाहावे: ठशाचा वाक उलट्या बाजूला गेला तर घाण कॅपच्या छिद्रात आहे, जागेवरच राहिला तर नोझलमध्ये. फवारा अडखळत येत असेल, तर आधी कपाच्या झाकणातले हवेचे छिद्र उघडे आहे का ते पाहावे, नंतर नोझल पान्याने नीट आवळावे. तार किंवा टाचणी छिद्रात घालणारे उतावीळ लोक चांगली गन कायमची बिघडवतात. छिद्रासाठी मऊ ब्रश आणि थिनर पुरतो. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नये, कारण आतली सील फुगतात. टू-के रंग मारला असेल तर जेवायला जाण्याआधी गन धुवावी. हार्डनर मिसळलेला रंग एकदा आत घट्ट झाला, की त्यावर थिनरचा उपयोग होत नाही.